'चेक' मुळापासून शिका: रोजच्या एका इंग्रजी शब्दाची पायरीपायरीने ओळख

इंग्रजी नव्याने शिकायला घेतलेली बहुतेक मंडळी शब्दांच्या याद्या पाठ करायला बसतात. आठवडाभरात दोनशे शब्द होतात आणि महिनाभरात त्यांतले बहुतेक विसरले जातात. त्यापेक्षा तोंडात आधीपासून रुळलेला एकच शब्द घ्यावा आणि त्याचा अर्थ, वापर आणि मूळ या तिन्ही बाजू पक्क्या कराव्यात. असे पाच-सहा शब्द झाले, की नवा शब्द समोर आल्यावर त्याच्याकडे कसं बघायचं हे आपोआप कळायला लागतं.

या लेखासाठी मी 'चेक' हा शब्द घेतला आहे. बँकेत चेक, शर्टावर चेक्स, डॉक्टरांकडे चेकअप, विमानतळावर चेक-इन, मुलुंडला चेकनाका, आणि 'जरा मेल चेक कर' तर दिवसातून दहा वेळा. हे सगळे एकाच घराण्यातले शब्द आहेत आणि त्या घराण्याचा मूळपुरुष मराठीतही नांदतो आहे. तो कोण, हे दुसऱ्या पायरीवर येईल.

सोबत एक वही आणि फोनवर एखादा चांगला इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश असू द्या. केंब्रिज, ऑक्सफर्ड, लाँगमन यांचे शिकणाऱ्यांसाठी केलेले शब्दकोश इंटरनेटवर फुकट पाहता येतात आणि त्यांत प्रत्येक अर्थाखाली साधी, रोजच्या बोलण्यातली वाक्यं असतात. इंग्रजी-मराठी कोश जवळ असावाच, पण तो दुसऱ्या क्रमांकावर. तिथे एकापुढे एक मराठी प्रतिशब्द मिळतात, वाक्यं फारशी मिळत नाहीत.

पहिली पायरी: आपण मराठीत तो शब्द कसा वापरतो ते लिहून काढा

वहीच्या पानाचे दोन भाग करा. डावीकडे 'चेक' असलेली आपली रोजची मराठी वाक्यं लिहा. उजवीकडे तेच वाक्य 'चेक' न वापरता लिहा.

'गॅस चेक कर' म्हणजे गॅस बंद आहे ना ते बघ. 'बीपी चेक केलं' म्हणजे रक्तदाब मोजला. 'पेपर चेक झाले' म्हणजे उत्तरपत्रिका तपासून झाल्या. 'बॅलन्स चेक कर' म्हणजे खात्यात किती शिल्लक आहे ते बघ. 'कागदपत्रं चेक केली' म्हणजे पडताळली. 'चेक वटला' म्हणजे धनादेशाचे पैसे जमा झाले. 'चेक्सचा शर्ट' म्हणजे चौकड्यांचा शर्ट.

हे पान घाईत उरकू नका. उजव्या बाजूला बघणे, मोजणे, तपासणे, पडताळणे अशी वेगवेगळी क्रियापदं आलेली दिसतील. म्हणजे मराठीत आल्यावर 'चेक' ढिला झाला आहे आणि बऱ्याच जागा त्याने एकट्याने अडवल्या आहेत. इंग्रजीत त्या सगळ्या जागा त्याच्या नाहीत. मराठीतला 'चेक' तसाच उचलून इंग्रजी वाक्यात ठेवला की वाक्य कुठे अडखळतं, ते सहाव्या पायरीवर पाहू.

दुसरी पायरी: मुळाशी जा

नवशिक्यांना सहसा शब्दाचं मूळ शेवटी सांगतात, हौस म्हणून. या शब्दाच्या बाबतीत ते आधीच कळायला हवं. अडवणे, ताब्यात ठेवणे, तपासणे, बँकेचा कागद आणि कापडावरच्या चौकड्या हे अर्थ सुटे सुटे पाठ करायला गेलं तर जीव मेटाकुटीला येतो. मूळ कळलं की ते एका ओळीत येऊन बसतात.

मूळ आहे बुद्धिबळाच्या पटावर. भारतातला चतुरंग हा खेळ इराणात गेला, तिथे त्याचा 'चतरंग' झाला. अरबांनी इराण जिंकल्यावर तो त्यांच्या जिभेवर 'शतरंज' झाला. इराणी खेळाडू प्रतिस्पर्ध्याच्या राजावर मारा आला की 'शाह' असं म्हणून त्याला सावध करत. शाह म्हणजे राजा. 'तुझा राजा धोक्यात आहे, आधी त्याचं बघ' हा इशारा त्या एका शब्दात होता. खेळ अरबांबरोबर स्पेन आणि सिसिलीमार्गे युरोपात पोचला आणि हा पुकाराही बरोबर गेला. मध्ययुगीन लॅटिनमध्ये 'श' हा उच्चार नव्हता, म्हणून तिथे त्याचा 'स्काकस' झाला. जुन्या फ्रेंचमध्ये 'एशेक' झाला, आणि इंग्रजीने पुढचा 'ए' टाकून 'चेक' केला. खुद्द 'चेस' हे खेळाचं नावही त्याच फ्रेंच शब्दाच्या अनेकवचनातून आलं आहे. म्हणजे चेस या नावाचा शब्दशः अर्थ 'अनेक चेक' असा होतो.

आता मराठीकडे या. पटावर राजाला चेक मिळाला की आपण म्हणतो, शह दिला. हा 'शह' म्हणजे तोच फारसी 'शाह'. इंग्रजांकडे तो अरबस्तान, स्पेन, फ्रान्स असा वळसा घेऊन गेला, आपल्याकडे फारसीतून सरळ आला. 'चेक' आणि 'शह' हे सख्खे भाऊ आहेत. निजामशाही, आदिलशाहीतली 'शाही' याच शाहची, आणि पुढे आपण तीच लावून लोकशाही हा शब्द घडवला. त्याहून मागे गेलात तर प्राचीन इराणी भाषेत राजाला 'क्षायथिय' म्हणत. त्याचा धातू आणि संस्कृत 'क्षत्र', 'क्षत्रिय' यांचा धातू एकच.

'चेकमेट'चंही तसंच. फारसीत 'शाह मात'. मराठीत आपण एखाद्यावर 'मात करतो', ती मात हीच. तिच्या अर्थाबद्दल दोन मतं आहेत. काही अभ्यासक ती अरबी 'माता', म्हणजे 'मेला', या क्रियापदातून आली असं मानतात, तर काही जण फारसी 'मात', म्हणजे 'हतबल झालेला', या विशेषणाकडे बोट दाखवतात. खेळाच्या नियमाशी मला दुसरं मत जुळतं वाटतं, कारण बुद्धिबळात राजा कधीच मारला जात नाही. त्याला फक्त हलायला जागा उरत नाही.

तर मुळातलं चित्र असं: राजाला शह मिळाला. पुढचा बेत थांबला. इथून इंग्रजीतले अर्थ एकामागून एक निघत गेले.

शह मिळाला की थांबावं लागतं, म्हणून चेक म्हणजे अडवणे, रोखणे. जे रोखता येतं ते ताब्यात राहतं, म्हणून चेक म्हणजे नियंत्रण. 'कीप युअर अँगर इन चेक' म्हणजे राग आटोक्यात ठेव. 'अनचेक्ड' म्हणजे मोकाट, रोखणारं कोणी नसलेलं. अमेरिकी राज्यघटनेबद्दल बोलताना 'चेक्स अँड बॅलन्सेस' हे शब्द हमखास येतात. संसद, राष्ट्राध्यक्ष आणि न्यायालय यांनी एकमेकांना अडवू शकण्याची ती व्यवस्था आहे. तिथल्या चेक्सचा तपासणीशी फार थोडा संबंध आहे, तो शहच आहे.

मग सतराव्या शतकाच्या अखेरीस आजचा सगळ्यात चालू अर्थ पुढे आला, तपासून पाहणे. नियंत्रण ठेवायचं तर मध्येच थांबवून बघावं लागतं. चेकनाक्यावर गाडी थांबवतात आणि मग कागदपत्रं बघतात. तिथे शब्दाचा जुना अर्थ आणि नवा अर्थ एकाच ठिकाणी घडतो.

राहिल्या चौकड्या. जुन्या फ्रेंचमध्ये बुद्धिबळाच्या पटाला 'एशेकिए' म्हणत. इंग्रजीत त्याचा 'चेकर' झाला, मग पटासारख्या चौकटींच्या नक्षीला ते नाव मिळालं, आणि ते आखडून 'चेक' झालं. आपल्या शर्टावरचे चेक्स हे असे पटावरून उतरलेले आहेत. गोव्यातल्या वाचकांना आणखी एक साक्ष पोर्तुगीजमध्ये मिळेल. तिथे 'शद्रेझ' म्हणजे बुद्धिबळ, आणि चौकड्यांच्या कापडालाही तोच शब्द.

याच पटावरून आलेला एक मोठा शब्द आहे 'एक्स्चेकर'. ब्रिटनच्या अर्थमंत्र्याला आजही 'चॅन्सेलर ऑफ द एक्स्चेकर' म्हणतात. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचा खजिना ज्या टेबलावर मोजला जाई, त्या टेबलावरून हे नाव पडलं. त्याच शतकातला खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने त्या टेबलाचं वर्णन लिहून ठेवलं आहे. लांबी सुमारे दहा फूट, रुंदी पाच फूट, वर ठेवलेलं काही खाली पडू नये म्हणून कडेने चार बोटं उंच काठ. त्यावर ईस्टरच्या सुमारास आणलेलं काळं कापड अंथरायचं आणि त्या कापडावर वीतभर किंवा फूटभर अंतराने रेघा. प्रत्येक रकान्याला किंमत ठरलेली: पेन्स, शिलिंग, पौंड, वीस पौंड, शंभर पौंड. रोमन अंकांत बेरीज-वजाबाकी करणं जिकिरीचं, म्हणून रकान्यांत सोंगट्या मांडून हिशेब करायचा. टेबलाच्या एका बाजूला शेरीफ, म्हणजे आपल्या भागातून राजाची वसुली करून आणणारा अधिकारी, समोर राजाचा हिशेब घेणारे अधिकारी. फिट्झनीलनेच लिहिलं आहे की पटावर जशी दोन राजांत लढत होते तशी इथे खजिनदार आणि शेरीफ यांच्यात होते. 'चेक' या शब्दात पैसा, तपासणी आणि पट हे तिन्ही इतक्या जुन्या काळापासून एकत्र आहेत.

तिसरी पायरी: क्रियापदामागून कोणता शब्द येतो ते बघा

नवशिक्याची खरी अडचण इथे आहे. 'चेक' या क्रियापदानंतर येणारा छोटासा शब्द अर्थ पार बदलून टाकतो. मराठीत हे काम विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं करतात, त्यामुळे इंग्रजीतल्या त्या छोट्या शब्दांकडे आपलं दुर्लक्ष होतं.

नुसतं 'चेक' आणि त्यापुढे वस्तू: 'चेक द डोअर'. दार बघ.

'चेक फॉर': काय शोधायचं ते 'फॉर'नंतर येतं. 'चेक द लेटर फॉर मिस्टेक्स' म्हणजे पत्रात चुका आहेत का ते बघ. इथे पत्र तपासायची वस्तू आहे आणि चुका शोधायच्या आहेत. हे दोन वेगळे ठेवता आले की निम्मं काम झालं.

'चेक विथ': माणसाला विचारणे. 'आय विल चेक विथ माय मॅनेजर' म्हणजे साहेबांना विचारून सांगतो. 'विथ' गाळून 'आय विल चेक माय मॅनेजर' म्हटलंत, तर साहेबांचीच तपासणी करणार असा अर्थ होतो.

'चेक ऑन': काळजीने डोकावणे. 'कॅन यू चेक ऑन द बेबी?' म्हणजे बाळ ठीक आहे ना, बघून येतोस का? म्हातारी माणसं, आजारी शेजारी, उकळायला ठेवलेलं दूध, सगळ्यांना हा चालतो.

'चेक अप ऑन': हा वेगळा आहे. यात पाळत ठेवल्याची छटा येऊ शकते. सहकाऱ्याला 'आय ॲम चेकिंग अप ऑन यू' म्हटलंत तर तुमचा त्याच्यावर विश्वास नाही असा अर्थ तो काढू शकतो. मायेने विचारपूस करायची असेल तर 'चेक इन ऑन' किंवा 'चेक ऑन' वापरा.

'चेक इन' आणि 'चेक आउट' हॉटेलमुळे सगळ्यांना माहीत असतात. नावापुढचा जोडशब्द मात्र बरेच जण चुकवतात: 'वी चेक्ड इंटू द हॉटेल', 'वी चेक्ड आउट ऑफ द हॉटेल'. 'चेक आउट'चे आणखी तीन अर्थ लिहून ठेवा. ग्रंथालयातून पुस्तक घरी नेणे, हा विशेषतः अमेरिकेत. एखादी गोष्ट आवर्जून बघणे: 'चेक आउट धिस शॉप'. आणि खरं ठरणे: 'हिज स्टोरी चेक्स आउट' म्हणजे तो सांगतो ते पडताळल्यावर खरं निघालं. बोलीत माणसाच्या बाबतीत 'चेक आउट' म्हणजे त्याला आवडीच्या नजरेने न्याहाळणे असाही अर्थ आहे, म्हणून ओळखीपाळखी नसलेल्यांबद्दल तो वापरू नये.

'चेक ऑफ': यादीतलं झालेलं काम खूण करून बाजूला काढणे.

आणखी एक बारकावा आहे आणि तो मला फार मोलाचा वाटतो. 'चेक इफ द गॅस इज ऑफ' आणि 'चेक दॅट द गॅस इज ऑफ' ही दोन वाक्यं सारखी दिसतात. पहिल्यात गॅस बंद आहे की चालू आहे ते ठाऊक नाही, बघून सांगायचं आहे. दुसऱ्यात तो बंदच असायला हवा, तशी खातरजमा करायची आहे, आणि चालू असेल तर बंद करायचा आहे. सूचना देताना हा फरक कामाला येतो. लहान मुलाला घर बंद करून निघायला सांगताना दुसरं वाक्य हवं.

चौथी पायरी: नामाची रूपं आणि दोन स्पेलिंगं

नाम म्हणून येणारे जोडशब्द बरेच आहेत, पण अर्थ सरळ आहेत: स्पेलचेक, बॅकग्राउंड चेक, सिक्युरिटी चेक, स्पॉट चेक म्हणजे न कळवता केलेली तपासणी, रिॲलिटी चेक म्हणजे भ्रम उतरवणारा वस्तुस्थितीचा अनुभव. 'चेकअप' हे नाम जोडून लिहितात, क्रियापदाचं 'चेक अप' सुटं.

'चेकलिस्ट'ला विमानांच्या जगात मोठं स्थान मिळालं त्यामागे एक अपघात आहे. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत ओहायोतल्या राईट फील्डवर बोइंगचं नवं बॉम्बर विमान, मॉडेल २९९, उड्डाणानंतर लगेच कोसळलं. विमान उभं असताना शेपटीकडचे हलते भाग वाऱ्याने हलू नयेत म्हणून ते अडकवून ठेवणारी कळ असते, ती काढायची राहून गेली होती. वैमानिक अनुभवी होता. त्यानंतर उड्डाणाआधीच्या कामांची लेखी यादी वाचत एकेक काम पुरं करायची पद्धत बसली.

आता बँकेचा चेक. इंग्लंडमध्ये जपून राहिलेल्या अगदी जुन्या चेकांपैकी एकावर १६५९ ची तारीख आहे, रक्कम ४०० पौंड. तेव्हा हे हाताने लिहिलेलं पत्रच असे. १७१७ मध्ये बँक ऑफ इंग्लंडने छापील फॉर्म वापरात आणले. 'चेक' हा शब्द आधी लागला तो पावतीच्या मागे राहणाऱ्या अर्ध्या भागाला, ज्याला आपण स्थळप्रत किंवा काउंटरफॉइल म्हणतो. दोन भाग जुळवून बघितले की खोटा कागद पकडता येई. लबाडीला दिलेला तो शह होता. पुढे नाव मागच्या भागावरून पुढच्या कागदावर सरकलं. घरात जुनं चेकबुक असेल तर उघडून बघा. डावीकडे राहणारी ती चिंचोळी पट्टी, जिच्यावर आपण तारीख आणि रक्कम टिपून ठेवतो, या नावाची मूळ हक्कदार तीच आहे.

स्पेलिंग आधी एकच धड नव्हतं. १८२० च्या दशकात जेम्स विल्यम गिलबार्ट या इंग्रज बँकरने बँकेच्या कागदासाठी सी-एच-ई-क्यू-यू-ई हे रूप उचलून धरलं. एकतर त्यामुळे तपासणीच्या 'चेक'शी घोटाळा होत नाही आणि दुसरं म्हणजे ते 'एक्स्चेकर'च्या स्पेलिंगशी जुळतं. ब्रिटनने आणि त्यामागून भारताने ते घेतलं. आपल्या १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टमध्ये हेच स्पेलिंग आहे. चेक न वटल्यास ज्या कलम १३८ खाली खटला होतो, ते याच कायद्यातलं. अमेरिकेने मात्र बँकेच्या कागदासाठीही सी-एच-ई-सी-के हेच ठेवलं. म्हणजे भारतात बँकेला लिहिताना क्यू-यू-ई, अमेरिकेतल्या घरमालकाला लिहिताना सी-के. तपासणे या अर्थाने जगात सगळीकडे सी-के.

या शब्दाचं आणखी एक मूळ इंटरनेटवर फिरत असतं, की बँकेचा चेक अरबी 'सक्क'वरून आला. अरबी व्यापारी सक्क नावाचे पैशाचे लेखी दस्तऐवज वापरत हे खरंच आहे. पण इंग्रजीचे मोठे शब्दकोश बँकेचा चेक बुद्धिबळाच्या चेकपासूनच आणतात, कारण मधल्या काळात तो शब्द काउंटरफॉइलसाठी वापरला जात होता याचे लेखी दाखले आहेत. कुठल्याही शब्दाचं मूळ तपासताना हेच बघायचं. दोन शब्द ऐकायला सारखे असणं पुरेसं नाही, मधल्या पायऱ्या कागदावर सापडल्या पाहिजेत. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात प्रत्येक अर्थाखाली सालवार उतारे दिलेले असतात ते त्यासाठीच.

पाचवी पायरी: परदेशी जाणार असाल तर हे आधी वाचा

शिकायला किंवा मुलांकडे म्हणून अमेरिकेत गेलेल्या मराठी माणसांची या शब्दाशी पहिली गाठ बहुधा विमानतळावर पडते. काउंटरवरचा माणूस विचारतो, 'आर यू चेकिंग एनी बॅग्ज?' प्रश्न बॅगा तपासण्याचा नाही. विमानाच्या पोटात टाकायला काही सामान देणार आहात का, असं तो विचारतो आहे. 'टू बॅग्ज' एवढं उत्तर पुरतं. सामान ताब्यात देऊन त्याची खूण म्हणून चिठ्ठी घ्यायची, त्या चिठ्ठीचं नाव चेक, आणि त्यावरून सामान देण्याच्या क्रियेलाही चेक. नाट्यगृहातली 'कोट चेक'ची खिडकी तीच.

हॉटेलात जेवण झाल्यावर अमेरिकेत 'चेक, प्लीज' म्हणतात, तो बिलाचा कागद. ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडे बिलच. उत्तरासमोर करायच्या बरोबरच्या खुणेला अमेरिकेत 'चेक मार्क', ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडे 'टिक'. फॉर्मवर 'चेक द बॉक्स' लिहिलं असेल तर चौकटीत खूण करायची आहे.

'आय विल टेक अ रेन चेक' हे वाक्य ऐकलंत तर बाहेर पाऊस शोधू नका. १८८० च्या दशकात अमेरिकेत पावसामुळे बेसबॉलचा सामना बंद पडला की प्रेक्षकांना पुढच्या सामन्यासाठी चालणारं तिकीट देत, ते रेन चेक. आता त्याचा अर्थ, 'आज नाही जमणार, पण बोलावणं राखून ठेवा.' नकार सौम्यपणे देण्यासाठी फार चांगलं वाक्य आहे.

सहावी पायरी: जिथे 'चेक' शोभत नाही तिथून तो काढा

पहिल्या पायरीचं पान पुन्हा उघडा. आता उजव्या बाजूच्या मराठी क्रियापदांना इंग्रजीत नेमकं काय म्हणतात ते लिहायचं.

डॉक्टरांनी पेशंटला तपासलं: 'एक्झॅमिन्ड'. रक्तदाब मोजणं: 'चेक' चालतो, 'टेक' किंवा 'मेझर'ही चालतं. शिक्षकांनी पेपर तपासले: ब्रिटनमध्ये 'मार्क', अमेरिकेत 'ग्रेड'. भारतात 'पेपर चेकिंग' सर्रास म्हणतात आणि इथे ते समजतंही, पण परदेशी शाळेत नोकरीचा अर्ज करताना ते लिहू नका. कागदपत्रं पडताळणं: 'व्हेरिफाय'. अधिकाऱ्याने कारखान्याची पाहणी केली: 'इन्स्पेक्टेड'. शब्दाचा अर्थ कोशात बघणं: 'लुक अप'. पोलिसांनी बॅगेची झडती घेतली: 'सर्च्ड'.

रेल्वेतल्या टीसीला बरेच जण 'तिकीट चेकर' समजतात. ती आद्याक्षरं 'तिकीट कलेक्टर'ची आहेत, आणि गाडीत फिरणारा टीटीई हा 'ट्रॅव्हलिंग तिकीट एक्झॅमिनर' असतो.

शर्टाला इंग्रजीत 'चेक्ड शर्ट' म्हणावं, 'चेक्स शर्ट' नको. आणि 'चेकर्ड पास्ट' म्हणजे पटावरच्या चौकड्यांसारखी बऱ्या-वाईटाची सरमिसळ असलेला भूतकाळ. माणसाबद्दल बोलताना त्यात वाईटाकडे झुकणारी छटा असते, म्हणून कोणाची ओळख करून देताना तो टाळा.

सातवी पायरी: एक खरं वाटेल असं पत्र दुरुस्त करा

वाचून कळलेलं हातात उतरायला लिहावंच लागतं. कार्यालयांतून रोज जातात तसं हे पत्र बघा:

'डिअर सर, प्लीज चेक द अटॅच्ड फाइल वन्स. आय हॅव चेक्ड अकाउंट्स डिपार्टमेंट ऑल्सो. डिड यू चेक माय यस्टर्डेज मेल?'

पहिलं वाक्य. 'वन्स' हे आपल्या 'जरा एकदा बघा'चं भाषांतर आहे. मराठीत 'एकदा'मुळे विनंती मऊ होते. इंग्रजी वाचणाऱ्याला मात्र 'एकदाच, दोनदा नको' असं वाटू शकतं. मऊपणा आणायला इंग्रजीत 'कुड यू' लागतं. शिवाय फाइलमध्ये काय बघायचं ते सांगितलेलं नाही. म्हणून: 'कुड यू प्लीज चेक द अटॅच्ड फाइल फॉर एनी एरर्स?'

दुसरं वाक्य. लेखापाल मंडळींना विचारलं आहे, त्यांची तपासणी केलेली नाही. म्हणून 'विथ' हवा: 'आय हॅव ऑल्सो चेक्ड विथ द अकाउंट्स डिपार्टमेंट.'

तिसरं वाक्य वरिष्ठांना जाब विचारल्यासारखं होतं. 'डिड यू चेक' हा प्रश्न मराठीतल्या 'बघितलंत का?'पेक्षा इंग्रजीत अधिक रोखठोक वाटतो. इथे 'चेक'च काढून टाकावा: 'आय वंडर इफ यू हॅव हॅड अ चान्स टू लुक ॲट द मेल आय सेंट यस्टर्डे.' वाक्य लांबलं, पण वाचणाऱ्याच्या मनाला टोचत नाही.

आता आपल्याच पाठवलेल्या मेलच्या खोक्यात 'चेक' हा शब्द शोधा आणि सापडतील ती वाक्यं अशीच एकेक करून बघा. प्रत्येकाला तीन प्रश्न विचारा. काय तपासायचं आहे? त्यात काय शोधायचं आहे? की कोणाला तरी फक्त विचारायचं आहे? पहिल्याचं उत्तर असेल तर शब्द सरळ 'चेक'पुढे, दुसऱ्याचं असेल तर 'फॉर', तिसऱ्याचं असेल तर 'विथ'.

शेवटी उच्चाराचं एक. 'चेक' म्हणताना 'चे' आखूड ठेवा. 'चेक्ड'च्या शेवटचा 'ड' लिहिण्यात आहे, उच्चारात 'ट' येतो: 'चेक्ट'. वर मी वाचायला सोपं जावं म्हणून 'चेक्ड' लिहिलं आहे. 'चेकेड' असा अडीच अक्षरी उच्चार वर्गांत फार ऐकू येतो, तो घालवा.

पुढचा शब्द म्हणून 'चार्ज' घ्या. मोबाइलचा चार्ज, वकिलाचा चार्ज, नव्या साहेबांनी घेतलेला चार्ज, आरोपपत्रातला चार्ज. त्याचं मूळ गाडीवर ओझं लादण्यात आहे. पान दोन भागांत विभागा आणि पहिल्या पायरीपासून सुरू करा.